जोशीमठ: खचलं की सरकलं?

बद्रीनाथला जाताना लागणारं जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलं आहे, हे १९७६ सालीच एका सरकारी समितीने लिहून दिलं होतं. जमीन किती भार पेलते हे तपासल्याशिवाय मोठं बांधकाम नको, उतारावरचे धोंडे सुरुंगाने फोडू नका, सांडपाण्याला पक्की गटारं बांधा. पुढे हॉटेलांचे मजले चढत गेले, गटारं राहूनच गेली. डिसेंबर २००९ मध्ये जवळच्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात यंत्राने भूजलाचा साठा फोडला आणि सेकंदाला शेकडो लिटर पाणी वाहू लागलं. २०२१ पासून घरांना भेगा पडत होत्या. जानेवारी २०२३ मध्ये त्या अचानक रुंदावल्या तेव्हा कुठे देश जागा झाला.

घोळ शब्दापासूनच आहे. हिंदी बातम्यांत ‘भू-धंसाव’, आपल्याकडे ‘जमीन खचली’. आपण रस्ताही खचला म्हणतो आणि डोंगरउतारही. तज्ज्ञांच्या लेखी मात्र जमीन जागच्या जागी खाली बसणं वेगळं आणि अख्खा उतार हळूहळू सरकणं वेगळं. उतार सरकत असेल, तर पायथा कुरतडणाऱ्या नदीचाही विचार करावा लागतो. नुसत्या भिंतीतल्या भेगा बुजवून भागत नाही.

त्यात इस्रोच्या अहवालातून उपग्रहाचा आकडा आला: बारा दिवसांत ५.४ सेंटिमीटर. हे मोजमाप उपग्रहाच्या तिरक्या नजरेच्या रेषेत होतं, त्यामुळे तेवढी जमीन सरळ खाली गेली असा अर्थ लगेच निघत नाही. हे समजावून सांगायला हवं होतं. त्याऐवजी १३ जानेवारीला अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थांना माध्यमांशी न बोलण्याची सूचना गेली आणि तो अहवाल संकेतस्थळावरून गायब झाला. कारण दिलं ते असं, की वेगवेगळ्या अर्थांमुळे लोकांत संभ्रम पसरतो. संभ्रम होताच, नाही कसं म्हणावं? पण तो दूर करू शकणारी माणसंच गप्प केल्यावर मागे उरला तो नुसता आकडा. ज्यांच्या दारावर ‘घर धोकादायक’ म्हणून लाल फुली मारली, त्यांनी त्याचं काय करायचं?

उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर सप्टेंबरअखेर आठ संस्थांचे अहवाल खुले झाले. गावातली एकमेकांवर झुकलेली दोन हॉटेलं पाडायला घेतली होती जानेवारीतच.