शंका वेगळी आणि नकार वेगळा, स्टीफनचं नक्की काय झालं?

माझी मावसबहीण टीवायला आहे, इंग्लिश लिटरेचर, तिला जेम्स जॉइसची 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन' ही कादंबरी लागलीय, स्टीफन हा तिचा नायक. परवा दादरला बोरिवली फास्टमध्ये कसेबसे घुसलो आणि ही दांडीला लटकूनच विचारते, दादा, त्या स्टीफनचा देवावरचा विश्वास उडाला एवढंच आहे ना, मग दहा मार्कांसाठी दोन पानं कशी भरायची?

उडाला कुठे पण? इथेच सगळे गंडतात. आम्ही मराठीत मिस्सा (चर्चमधली उपासना) ऐकत वाढलेले कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे पोरगं रविवारी चर्चला यायचं बंद झालं की अख्खं नातेवाईक मंडळ निकाल देऊन मोकळं, गेला हा हातचा. म्हणजे शंका येणं आणि नाही म्हणणं दोन्ही एकाच पिशवीत.

आधी शंका बघू. वर्गात सर विचारतात ना, काही शंका? तेव्हा त्यांना एवढंच म्हणायचं असतं की कळलं नसेल ते विचारा, माझ्यावर विश्वास आहे का असं काही ते विचारत नसतात. चर्चची शिकवणही जवळपास हाच फरक करते, एखादी गोष्ट पटायला जड जाणं वेगळं आणि जाणूनबुजून ती मानायचीच नाही असं ठरवणं वेगळं. कार्डिनल न्यूमन या इंग्रज कॅथलिक लेखकाने 1864 मध्ये याच अर्थाचं लिहून ठेवलंय, दहा हजार अडचणी एकत्र केल्या तरी त्यांचा एक संशय होत नाही. (आणि गंमत म्हणजे शाळेतल्या स्टीफनला बेस्ट गद्यलेखक कोण विचारलं तर तो न्यूमनचंच नाव घेतो, हे पेपरात टाक म्हटलं, मॅडम खूश होतील.) येशूचा शिष्य थॉमसचंच बघ ना, येशू पुन्हा जिवंत झाला म्हटल्यावर त्याच्या जखमांना हात लावल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, पण म्हणून उठून गेला नाही, आठ दिवसांनी त्याच खोलीत बाकीच्यांबरोबर होताच की.

स्टीफनची गाडी उलटी आहे. शाळेच्या रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थना-प्रवचनांच्या दिवसांत, नरकाची ती भयंकर प्रवचनं ऐकून हा सोळा वर्षांचा मुलगा इतका हादरतो की जाऊन कन्फेशन करतो, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली देतो, मग दिवसभर प्रार्थना, डोळे खाली, स्वतःच्या नाक-कानालाही शिक्षा. इतका की शाळेतले जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) फादर त्याला बोलावून विचारतात, फादर व्हायचंय का. तो होत नाही. पण देव नाही असं त्याने शांतपणे सिद्ध केलं असा प्रसंग अख्ख्या कादंबरीत शोधून दाखव, मिळणार नाही.

मग येतो शेवटाकडचा तो मित्राबरोबरचा संवाद, आणि माझ्या मते सगळं पुस्तक तिथे आहे. आईने सांगितलेलं असतं, ईस्टरचं कम्युनियन तरी घे, म्हणजे मिस्सातला ख्रिस्तप्रसाद, जो चर्चच्या श्रद्धेनुसार ख्रिस्ताचं शरीरच असतो. आता हे मागणं किती छोटं आहे ते कळायला हवं, 1215 च्या लॅटरन कौन्सिल या चर्चच्या मोठ्या सभेपासूनचा नियम आहे, वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या काळात. बस. हा नाही म्हणतो. मित्र विचारतो, ख्रिस्तप्रसादावर तुझा विश्वास आहे का, तर म्हणतो, विश्वासही नाही आणि अविश्वासही नाही. बरं, ते खरंच ख्रिस्ताचं शरीर असेल अशी भीती वाटते का? हो, वाटते. मग घेऊन टाक ना बाबा! तर नाही. कारण मनात नसताना नुसतं वरवर गुडघे टेकले तर आपल्याच आत काहीतरी सडेल, याची त्याला जास्त भीती आहे. म्हणजे शंका अर्धवटच राहिलीय, नकार मात्र पूर्ण. नास्तिक लिहिलंस की हे सगळं गेलं.

आणि प्रोटेस्टंट होणार का, हेही मित्र विचारतो, त्यावर स्टीफनचं उत्तर असं की श्रद्धा गेलीय, स्वाभिमान नाही गेला.

आता याच्या बरोबर उलटे लोक बघायचे तर बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाला, म्हणजे तिथल्या खास प्रार्थनेला जा. त्या गर्दीतल्या अर्ध्यांच्या डोक्यात शंकाच शंका असतील, आणि कित्येक तर ख्रिश्चनही नसतात, पण हातात मेणबत्ती, रांगेत उभे. शंका आहे, नकार नाही.

हे सगळं मी अंधेरी ते बोरिवली बडबडलो, ती फक्त हं हं करत होती. पुढच्या रविवारी मिस्साला मावशीबरोबर आली होती. कम्युनियनला सगळे उठले, ही बाकावरच बसून राहिली, गुडघे बाजूला करून लोकांना जायला वाट देत. मावशी परत आली आणि तिच्या कानात जोरातच कुजबुजली, तासभर आधी काही खायचं नाही माहितीये ना, परत वडापाव हाणलास ना?

ती हो म्हणाली. मी सकाळपासून तिच्याबरोबरच होतो, तिने चहासुद्धा घेतला नव्हता.