जैव ऑक्सिडीभवन : औद्योगिक दुर्गंधी व वायुप्रदूषण नियंत्रण

कारखाने, मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे, खतप्रकल्प इत्यादींतून बाहेर पडणाऱ्या हवेतील दुर्गंधीकारक व बाष्पनशील घटक सूक्ष्मजीवांकडून पचवून घेण्याची पद्धती. दूषित हवा ब्लोअरने ओढून कंपोस्ट, माती, लाकडाचे ढलपे, काथ्या यांसारख्या ओलसर थरातून सोडतात. थरातील कणांवर वाढलेले जीवाणू व कवके हे घटक अन्न म्हणून वापरतात आणि कार्बन डाय-ऑक्साइड, पाणी, सल्फेट, नायट्रेट अशी वास नसलेली द्रव्ये मागे राहतात. व्यवहारात या थराला ‘बायोफिल्टर’ किंवा ‘जैव गाळणी’ म्हणतात. ही दोन्ही नावे फसवी आहेत, कारण येथे गाळले काहीच जात नाही. शेतातला ‘वाफा’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो : त्याला पाणी द्यावे लागते, निचरा ठेवावा लागतो, सामू (आम्लतेचे माप, पीएच) पाहावा लागतो आणि उघड्यावर असेल तर तणही काढावे लागते. प्रस्तुत नोंदीत तोच वापरला आहे.

कार्यतत्त्व : कणांभोवती पाण्याचा पातळ थर आणि त्यात सूक्ष्मजीवांचा जैवपटल असतो. हवेतील घटक आधी पाण्यात विरघळतो, मग विसरणाने (जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत) जैवपटलात शिरतो आणि तेथे त्याचे ऑक्सिडीभवन होते. त्यामुळे पाण्यात सहज विरघळणारी अल्कोहॉले, कीटोने, अमोनिया लवकर निघतात. हेक्झेनासारखी पाण्याला टाळणारी द्रव्ये तशीच पुढे जातात. नेदरलँड्समधील ओटेनग्राफ व त्यांचे सहकारी यांनी १९८०च्या दशकात याचे गणिती प्रतिमान मांडले. त्यांच्या मते पुरेशा संहतीला (घटकाच्या प्रमाणाला) विक्रिया शून्य कोटीची असते. म्हणजे संहती वाढली तरी वेग वाढत नाही, सूक्ष्मजीव आधीच पोटभर खात असतात. संहती उतरली की घटक जैवपटलाच्या तळापर्यंत पोहोचत नाही व वेग विसरणावर ठरू लागतो. वाफ्याच्या अभिकल्पात (आराखड्यात) हे प्रतिमान अजून वापरतात. पुढे कवकांवर झालेल्या कामाने त्याला एक अपवाद जोडला : कवकांचे हवेत आलेले तंतू पाण्याच्या थराला वळसा घालून पाणी टाळणारी द्रव्ये थेट टिपू शकतात. कोरडेपणा व आम्लता कवके जीवाणूंपेक्षा अधिक सोसत असल्याने हा अपवाद वाटतो तितका किरकोळ नाही.

हायड्रोजन सल्फाइडाची गोष्ट वेगळी आहे. येथे सूक्ष्मजीवांना कार्बनाच्या नव्हे, तर गंधकाच्या ऑक्सिडीभवनातून ऊर्जा मिळते. असिडिथायोबॅसिलस गटातील जीवाणू त्याचे सल्फ्युरिक अम्ल करतात. ३४ ग्रॅम सल्फाइडामागे ९८ ग्रॅम अम्ल तयार होते. ताशी १०,००० घमी. (घनमीटर) हवेत १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) सल्फाइड असेल, तर दिवसाला सुमारे ३ किग्रॅ. सल्फाइड आत येते आणि जवळपास ९ किग्रॅ. अम्ल वाफ्यात साठते. ते मारण्यासाठी चुनखडी मिसळली की जवळजवळ तितक्याच वजनाची चुनखडी रोज खर्ची पडते, वर तयार होणारे जिप्सम पोकळ्या बुजवते. म्हणून सल्फाइडप्रधान हवेसाठी आम्लता टाळण्यापेक्षा ती स्वीकारून, अम्ल पाण्याने धुऊन काढणारी रचना अलीकडे पसंत केली जाते.

उगम : या पद्धतीचे जनकत्व कोणाकडे द्यायचे यावर एकमत नाही. जर्मनीत एच. बाख यांनी १९२३ मध्ये मैलापाणी केंद्रातील हायड्रोजन सल्फाइडाचे जैविक मार्गाने नियंत्रण करण्याची कल्पना चर्चिली, हे बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. मात्र चर्चा आणि चालू वाफा यांत अंतर आहे. प्रत्यक्ष मातीचे वाफे १९५०च्या दशकातले. कॅलिफोर्नियात रिचर्ड पोमेरॉय यांना अशा वाफ्याचे अमेरिकन पेटंट १९५७ मध्ये मिळाले आणि पश्चिम जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथील वाफा साधारण १९५९चा सांगतात. दोन्हीकडचे प्रयत्न परस्परांपासून स्वतंत्र असावेत.

या वादाखाली एक अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे : माती वास घालवते ती नुसता धरून ठेवते म्हणून की पचवते म्हणून? नुसते अधिशोषण असेल तर माती काही काळाने भरून जाईल आणि वास पुन्हा सुटेल. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कार्लसन व लायझर यांनी मैलापाण्याच्या हवेवर केलेल्या कामातून (१९६६) जैविक विघटन हेच प्रमुख कारण असल्याचे दिसले. पद्धतीचा खरा आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक. त्याआधीचे वाफे चालत होते, पण का चालतात हे ठामपणे माहीत नव्हते. १९९०च्या सुमारास जर्मनी व नेदरलँड्समध्ये मिळून असे काही शे वाफे होते.

प्रकार : वाफ्याखेरीज दोन रचना आहेत. जैव मार्जकात हवा पाण्याने धुतात व ते पाणी वेगळ्या टाकीत शुद्ध करतात. झिरप गाळणीत प्लॅस्टिक, फेस किंवा लाव्हा खडकाच्या भरणावरून पाणी सतत फिरते. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत रासायनिक मार्जकाचेच झिरप गाळणीत रूपांतर करून सुमारे २ सेकंदांच्या संपर्ककालात (हवा भरणात राहते तेवढ्या वेळात) सल्फाइड काढता येते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या वाफ्याला यासाठी १५ ते ६० सेकंद लागतात.

वाफ्याची रचना व निगा : ताशी १०,००० घमी. हवा, ३० सेकंद संपर्ककाल आणि १ मी. खोली धरली तर सुमारे ८३ चौमी. जागा लागते, म्हणजे गुंठ्याला थोडी कमी. दाटीवाटीच्या एमआयडीसीतील भूखंडावर ही जागा काढणे हाच पहिला अडथळा असतो. तापमान १५ ते ४० अंश से. आणि ओलावा वजनाच्या ४० ते ६० टक्के ठेवतात. ओलाव्यासाठी उपकरणे आहेत. तरी अनुभवी माणूस वाफ्यात कोपरापर्यंत हात घालून मूठभर भरण काढतो व दाबतो. गोळा टिकला आणि बोटांच्या फटीत थेंब दिसला तर ठीक, धार लागली तर जास्त, भुगा सुटला तर वाफा मेला समजावे. ही परीक्षा पृष्ठभागावर करून उपयोग नाही, कारण हवा खालून येते व वाफा खालूनच वाळतो.

पुण्याच्या हवामानात अडचण सूक्ष्मजीवांची नसते, पाण्याची असते. चैत्र-वैशाखात दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. अशी ३५ अंशांची हवा थेट सोडली, तर वरील आकाराच्या वाफ्यातून ती ताशी ७० ते ८० लि. पाणी उचलून नेते. वरून कितीही फवारले तरी तळ कोरडा पडतो, भरण आक्रसून भेगा जातात आणि हवा भेगांतून निसटते. म्हणून हवा वाफ्याआधी पाण्याच्या फवाऱ्यातून नेऊन संपृक्त करणे येथे ऐच्छिक मानता येत नाही; युरोपीय नमुन्यावरून केलेल्या आराखड्यांत नेमका हाच भाग आखूड ठेवलेला आढळतो. उलट पावसाळ्यात उघडा वाफा चिंब झाला की आतला ऑक्सिजन संपतो आणि दुर्गंधी घालवणारा वाफा स्वतःच कुजकट वास सोडू लागतो. मुळशी-लोणावळ्याकडे तर छप्पर हवेच. भेगा शोधायला डिसेंबरातली पहाट उत्तम : निरोगी वाफ्यावर सगळीकडे सारखी विरळ वाफ दिसते, भेग असेल तेथे तिचा झोत उभा राहतो.

पिंपरी-भोसरी पट्ट्यात साप्ताहिक सुटी बहुधा गुरुवारी असते. एक दिवस अन्न न मिळाल्याने वाफ्याचे फारसे बिघडत नाही. ओलावा आणि थोडी हवा राखली की शुक्रवारी तो कामाला लागतो. दिवाळीच्या मोठ्या सुटीनंतर मात्र पूर्ण क्षमता परतायला काही दिवस जातात.

उपयोग व मर्यादा : पुणे परिसरात या पद्धतीला सोयीचे स्रोत बरेच आहेत. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हापासून किण्वनावर आधारित औषधनिर्मिती येथे रुजली. त्याशिवाय ओतकामशाळांतील गाभे (साच्यात पोकळी राखणारे वाळूचे ठोकळे) बनवताना सुटणारी अमाइने, वाहनउद्योगातील रंगकामाचे विद्रावक, जिल्ह्यातील आसवन्या आणि महापालिकांची मैलापाणी केंद्रे आहेत. विद्रावकांच्या बाबतीत संहती घमी.ला साधारण १ ग्रॅ.च्या आत असावी. त्यापुढे ऑक्सिडीभवनाच्या उष्णतेनेच वाफा वाळतो. क्लोरिनयुक्त विद्रावके सहसा दाद देत नाहीत. रंगकामाची हवा कामाच्या पाळीप्रमाणे चढउतार करते, तेव्हा वाफ्याआधी सक्रियित कोळशाचा थर ठेवून ती सपाट करून घेतात.

कायद्याची चौकट विरळ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ मध्ये दुर्गंधी नियंत्रणावर मार्गदर्शिका काढली. २००९च्या राष्ट्रीय परिवेशी वायुगुणवत्ता मानकांतील १२ प्रदूषकांत अमोनिया आहे, हायड्रोजन सल्फाइड नाही. युरोपात वासाचे मोजमाप प्रशिक्षित माणसांच्या नाकाने, ठरावीक पटीत हवा विरल करत करतात.

हवा नळीत पकडता आली तरच ही पद्धती लागू पडते. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोसारख्या उघड्या ढिगाला किंवा जलपर्णीने भरलेल्या मुळा-मुठेच्या पात्राला ती लावता येत नाही. ढिगांवर ‘कल्चर’ (सूक्ष्मजीवांचे मिश्रण) फवारण्याच्या उपायाला कधी कधी जैव ऑक्सिडीभवन हेच नाव दिले जाते, ते बरोबर नाही. तेथे कचऱ्यावर प्रक्रिया होते, हवेवर नव्हे. याउलट सोसायटीतल्या खताच्या पिंपात ओल्या कचऱ्यावर चार बोटे तयार खत पसरले की वास बसतो, तो थर मात्र अक्षरशः जैव वाफा असतो : खालून आलेला सल्फाइड व अमोनिया त्यातून वर येईपर्यंत पचून जातो. कोरडी माती पसरली तर हा परिणाम तितका मिळत नाही.