हळवी भांग

मागच्या फेब्रुवारीत महाबळेश्वरहून आणलेला स्ट्रॉबेरीचा एक डबा आमच्या फ्रीजमध्ये मागे सरकला आणि आठवडाभर कुणाच्या लक्षातच आला नाही. उघडला तेव्हा वरची फळं ठीक दिसत होती, पण मधल्या तीन-चार फळांवर राखाडी लव चढली होती. डबा जरा हलवला तर धुरासारखं काहीतरी उडालं. ते होते बोट्रायटिस सिनेरिया या बुरशीचे बीजाणू. फ्रीजमधल्या थंडीत ती मंदावते, पण थांबत नाही. पंधरा-वीस अंश तापमान, दमट हवा आणि पानाफुलांवर काही तास टिकणारी ओल मिळाली की मग तिला आवरणं कठीण.

युरोपातल्या थंड, पावसाळी भागात भांगेच्या कुळातलं पीक घेणाऱ्यांना याच बुरशीची धास्ती असते. हे पीक म्हणजे धाग्यासाठी आणि तेलबियांसाठी लावतात ते हेम्प. वनस्पती भांगेचीच, पण नशा आणणारं टीएचसी नावापुरतं. युरोपीय संघात त्याची मर्यादा 0.3 टक्के आहे. आपल्याकडे उत्तराखंडने 2018 मध्ये परवान्यावर अशी शेती सुरू केली, तीही याच मर्यादेत.

थंडी हे झाड बऱ्यापैकी सोसतं. त्याचं घोडं अडतं ते रात्रीच्या हिशेबावर. आमच्या गावाकडे रस्त्यावरच्या मोठ्या दिव्याखाली सोयाबीनचा एक पट्टा दरवर्षी हिरवागार राहतो. बाकीचं रान पिवळं पडून काढणीला येतं, तरी तो तसाच. दिव्याच्या उजेडामुळे त्याला रात्र पुरेशी लांब झाल्याचं कळतच नाही. भांगही त्याच जातकुळीची. रात्र ठरावीक लांबीची झाल्याशिवाय ती फुलोऱ्यावर येत नाही.

गंमत म्हणजे वनस्पतींमधला हा गुण पहिल्यांदा ओळखला गेला त्यात भांगेचाच हात होता. फ्रान्समध्ये ज्युलियँ तूर्न्वा या तरुण संशोधकाने हिवाळ्यात काचगृहात भांग आणि हॉप्स (बिअरला चव देणारी वेल) पेरले. इवल्याशा रोपांना अवेळी फुलं आली. कारण शोधता शोधता 1914 पर्यंत त्याने लिहून ठेवलं होतं की दिवस लहान होण्यापेक्षा रात्र लांबण्याचं महत्त्व अधिक असावं. पुढे पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. या गुणाला नाव मिळालं 1920 मध्ये, अमेरिकेत गार्नर आणि अॅलर्ड यांच्या तंबाखू-सोयाबीनवरच्या कामातून. रात्रीबद्दलचा तूर्न्वाचा अंदाज गोखरूच्या झाडावर प्रयोगाने पक्का व्हायला 1938 साल उजाडावं लागलं.

आता हेच झाड हेलसिंकीला नेऊन लावा. अक्षांश 60. जूनमध्ये तिथे दिवस जवळपास 19 तासांचा असतो. मुंबईत सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांचाच. हेलसिंकीत दिवस चौदा तासांवर उतरतो तोवर सप्टेंबर लागलेला असतो. बऱ्याच जातींना तेव्हा कुठे फुलायची जाग येते, आणि त्यानंतर बी भरायला आणखी काही आठवडे हवेत. तेवढ्यात दहिवर पडायला लागतं, पाऊस रोजचा होतो, ऊन कलतं आणि पानांवरचं पाणी दुपारपर्यंत वाळत नाही. हिमालयातलं बी तिथे पेरलं तर झाड माणसाच्या डोक्यावर जाईल, पण बी हाती लागण्याआधी हिवाळा येऊन ठेपेल.

फुललंच तरी पुढची भीती फुलोऱ्याच्या आत असते. मादी झाडाची फुलं एकमेकांना चिकटून दाट तुरा बनवतात. बाहेरून तो कोरडा वाटतो, आत मात्र ओल धरून असतो. बुरशी सहसा कोमेजलेल्या स्त्रीकेसरावर किंवा अळीने पाडलेल्या जखमेवर पाय रोवते. पहिली खूण साधी असते. बाकी तुरा टवटवीत आणि मधलंच एखादं पान पिवळं, सुकलेलं. ते ओढलं की अलगद हातात येतं. मग तुरा फोडून पाहिला तर आतला देठ तपकिरी, मऊ आणि त्यावर तीच स्ट्रॉबेरीवाली राख. अफगाणिस्तानाकडच्या कोरड्या डोंगरांतल्या जातींचे तुरे गच्च असतात, कारण तिथे ओलीचं भय नाही. उष्ण, दमट प्रदेशातल्या जातींचे तुरे विरळ, वारा खेळेल असे. त्या बुरशीला बऱ्यापैकी टिकतात, पण फुलतात फार उशिरा. म्हणजे एकीचा गुण घ्यावा तर तिची खोडही पदरात पडते.

कोकणातल्या माणसाला हा पेच लगेच कळेल. आपल्याकडे भात हळवं आणि गरवं असतं. हळवं लवकर निसवतं, गरवं सावकाश. वरकस जमिनीत हळवं, पाणथळ खाचरात गरवं. फिनलंडला हवी होती हळवी भांग. (फरक एवढाच की आपल्याकडे परतीचा पाऊस बहुधा हळव्यालाच कापणीत गाठतो, तिकडे तो गरव्याच्या मानगुटीवर बसतो.)

हळवेपणा मिळाला एका तणात. 1924 मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की यांनी व्होल्गाकाठच्या रानटी भांगेचं वर्णन केलं आणि तिला रुडेरालिस म्हटलं. रुडस म्हणजे लॅटिनमध्ये दगडमातीचा ढिगारा. आपण उकिरड्यावरची भांग म्हणू. ही बुटकी, बी बारीक आणि पिकताच गळून पडणारं. शेतकऱ्याच्या दृष्टीने कवडीमोल. पण ती रात्र मोजत बसत नाही. ठरावीक वयाची झाली की 19 तासांच्या उजेडातही फुलते.

असा गुण संकरातून आणायला दम लागतो. रात्र मोजणाऱ्या जातीशी संकर केला की पहिली पिढी बहुधा पुन्हा रात्रच मोजते, कारण वयावर फुलण्याचा गुण मुख्यतः अप्रभावी आहे. आईबाप दोघांकडून आला तरच तो दिसतो. पहिल्या पिढीतली झाडं आपसांत जुळवली तर दुसऱ्या पिढीत चारांतलं साधारण एक झाड वेळेआधी फुलतं. मेंडेलचा वाटाण्याचा हिशेब. तेवढीच झाडं राखायची, बाकीची उपटायची, आणि राखलेल्यांतूनही बी गळणारी बाद करायची.

फिनलंडने रुडेरालिसपासून असा संकर केला नाही, जवळची वाट धरली. रशियातल्या वाव्हिलोव्ह संस्थेच्या बीजसंग्रहातून आलेल्या, उत्तरेकडच्या दोन लवकर येणाऱ्या वाणांचा 1990 च्या दशकात संकर झाला आणि त्यातून फिनोला ही तेलबियांची जात निघाली. पेरल्यावर महिनाभरात फुलोऱ्याची चाहूल. उंची माणसाएवढी किंवा कमीच, फांद्या जवळजवळ नाहीत. बुरशीशी झुंजायची पाळी सहसा येत नाही, कारण शरदाचा पाऊस लागेपर्यंत बी भरलेलं असतं. लहानपणी मात्र तिला पायाशी साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. शेतात चर नीट नसेल तर रोपं पिवळी पडून तिथेच खुंटतात.

काढणीच्या दिवशीही बी पुरतं वाळलेलं नसतं. वाट पाहिली तर ते गळतं आणि पाखरं साफ करतात, म्हणून ते ओलसर असतानाच मळणीयंत्र फिरवतात. ट्रॉली शेतातून थेट ड्रायरकडे जाते. ढीग रात्रभर तसाच राहिला तर सकाळी त्यात हात घालून बघा, आतून गरम लागतो. असं बी मग ना तेलाला चालत, ना पेरायला.