दिव्यांग मुलाचा शाळाप्रवेश: जिल्हा परिषद की खासगी? पात्रता, कागदपत्रे, अर्ज

गावातली जिल्हा परिषदेची शाळा दिव्यांग मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. जन्मदाखला नसला, दिव्यांग प्रमाणपत्र अजून हाती आले नसले, तरी नाव दाखल करून घ्यावेच लागते. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक असेल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 6 ते 18 वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे. जवळची शाळा घ्यायची की विशेष शाळा, ही निवड तुमची.

खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) 25 टक्के राखीव जागांवर अर्ज करायचा असेल, तर मात्र 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र लागतेच. ते जिल्हा सामान्य रुग्णालयातून मिळते, पण आधी 'स्वावलंबन' संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. गावातले आपले सरकार केंद्र ती करून देते; आधार आणि फोटो सोबत न्या. कान, डोळे, मानसिक आजार यांच्या तपासणीचे वार वेगवेगळे असतात. वार न विचारता एसटीने जिल्ह्याला गेलात, तर त्या दिवसाची मजुरीही जाते आणि लेकरूही दमते. आशाताईंकडून आधी विचारून घ्या. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावरची मुदत पाहून ठेवा.

दिव्यांग मूल वंचित घटकात मोडते, म्हणून उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दिव्यांग म्हणून अर्ज करताना जातीच्या दाखल्यासाठीही तहसीलला खेटे घालू नका. जन्मदाखला, रहिवासी पुरावा आणि प्रमाणपत्र पुरे. अर्ज ऑनलाइन, मग सोडत, मग तालुक्याच्या पडताळणी समितीपुढे मूळ कागद. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. हे अर्ज मात्र राज्यभर एकाच वेळी, शाळा सुरू होण्याच्या बऱ्याच आधी भरले जातात. इथेच आपल्याकडचे पालक चुकतात.

माझे स्पष्ट मत: खेड्यात पहिली पसंती जिल्हा परिषदेच्या शाळेला द्या. सोडतीत नंबर लागला की फी माफ होते, पण शिकवायला विशेष शिक्षक मिळेलच असे नाही, आणि गाडीभाडे अंगावर पडते. समग्र शिक्षा अभियान या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक गट साधन केंद्रातून (शाळांना मदत करणारे तालुक्याचे केंद्र) सरकारी शाळांना भेटी देतात. श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता याच वाटेने येतात. मुलींना वेगळा प्रोत्साहन भत्ता आहे. घराबाहेर पडूच न शकणाऱ्या मुलाला घरी शिक्षण मागता येते. मुख्याध्यापकांना एकच विचारा: आमच्या शाळेत विशेष शिक्षक कोणत्या दिवशी येतात? उत्तर मिळाले नाही तर गट साधन केंद्रात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कोणत्याही शाळेने नकार दिला तर तो लेखी मागा. तक्रार आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे (प्राथमिक), आणि तरीही दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे.