काळी सीडी आणि नागमोडी वाट

सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशन या व्हिडिओ गेम कन्सोलच्या सीडीची खालची बाजू काळी असे, आणि त्या रंगामुळेच तिची नक्कल होत नाही, असा समज आजही पुष्कळांचा आहे. वास्तविक सीडी वाचणारा लेझर अवरक्त असतो आणि त्याला ते काळे प्लॅस्टिक पारदर्शकच असते. कुलूप निराळ्याच जागी होते.

सीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल वाटेवर नोंदलेली असते. अस्सल सीडीच्या अगदी आतल्या पट्ट्यात ही वाट मुद्दाम किंचित नागमोडी ठेवलेली असे. लेझरला वाटेवर राखणाऱ्या यंत्रणेला ते हेलकावे जाणवत आणि त्यांतून सेकंदाला 250 बिट इतक्या संथपणे चार अक्षरे वाचली जात: जपानसाठी ‘एससीईआय’, अमेरिकेसाठी ‘एससीईए’, युरोपसाठी ‘एससीईई’. घरच्या सीडी रायटरला माहिती लिहिता येते, परंतु कोऱ्या सीडीवरची वाट कारखान्यातच आखलेली असल्याने तिला हवे ते वळण देता येत नाही. म्हणून बिट न् बिट जुळणारी प्रतही कन्सोल नाकारत असे. मॉडचिप म्हणजे काही तारांनी आत सोल्डर केलेला छोटा मायक्रोकंट्रोलर. तो हीच अक्षरे सतत पाठवत राही आणि कन्सोलला कोणतीही सीडी अस्सल वाटे.

पेच असा की, हे कुलूप ग्राहकाने पैसे मोजले का, हे पाहतच नव्हते. जपानमध्ये रीतसर घेतलेली सीडी युरोपी कन्सोलवर अडे, आणि तिला वाट देणारी चिप चोरीच्या प्रतीलाही वाट देई. हे कुलूप नक्कल करणे नव्हे, तर केलेली नक्कल चालवणे रोखते, म्हणून ते तेव्हाच्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने 2005 मध्ये ठरवले. पुढे तेथील कायदाच बदलला.

इम्युलेटर हे सारे यंत्रच सॉफ्टवेअरमध्ये उभे करतो. तो घडवताना अभ्यासासाठी सोनीच्या बायोसची, म्हणजे कन्सोल सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, प्रत काढणे न्याय्य, म्हणजे परवानगीविनाही चालणाऱ्या, वापरात मोडते, असे अमेरिकेच्या अपील न्यायालयाने 2000 मध्ये कनेक्टिक्स या इम्युलेटर बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात म्हटले. 2024 मध्ये ‘युझू’ या स्विच कन्सोलच्या इम्युलेटरच्या निर्मात्यांनी निन्टेंडोला 24 लाख डॉलर देण्याचे मान्य केले, ते तडजोडीतून, तेथे वादाचा गाभा स्विचच्या खेळांवरचे सांकेतिक कुलूप उघडण्याचा होता.

आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये आलेले कलम 65अ कुलूप तोडणाऱ्याचा हेतू हक्कभंगाचा होता का, हे विचारते, आणि मला हाच प्रश्न रास्त वाटतो. मात्र ‘चोवीस तासांत पुसली तर रॉम (उतरवून घेतलेली खेळाची प्रत) कायदेशीर’ हा मंत्र म्हणजे निव्वळ गंडादोरा आहे. अशी सवलत ना अमेरिकेच्या कायद्यात आहे, ना आपल्या.