विघटित जैविक पुराव्यातील डीएनए

ऊन, ओल, आग आणि जिवाणू यांमुळे तुकडे पडलेला डीएनए हाड, दात किंवा डागातून वेगळा काढून व्यक्तीची ओळख पटवण्याची न्यायवैद्यक पद्धत. प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आणि फौजदार घडवणारी महाराष्ट्र पोलीस अकादमी या दोन्ही संस्था नाशिकमध्ये आहेत. या कामात दोन्हींचे महत्त्व सारखेच आहे, कारण पुरावा बिघडतो तो बहुधा प्रयोगशाळेत पोहोचण्याआधी.

मृत्यूनंतर पेशीतील विकरेच (एन्झाइम) डीएनए तोडू लागतात; पुढे पाणी आणि जिवाणू त्यात भर घालतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात उघड्यावर राहिलेल्या मृतदेहाच्या मऊ ऊती लवकर निकामी होतात. निफाडच्या थंडीत हाच वेग मंदावतो. पुरलेल्या हाडाची अडचण वेगळी. मातीतील ह्युमिक आम्ले डीएनएसोबत उतरतात आणि पीसीआर या डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या प्रक्रियेतील विकराला रोखतात. जीन्सच्या कापडातील निळ आणि रक्तातील हीम हे लोहयुक्त द्रव्यही असाच अडथळा आणतात. म्हणून चाचणी कोरी आली, म्हणजे नमुन्यात डीएनए नव्हताच, असे म्हणता येत नाही.

मांडीचे हाड, दाढा आणि कवटीतील आंतरकर्णाभोवतीचा घट्ट भाग यांत डीएनए सर्वाधिक टिकतो. हाडाचा बाहेरचा थर खरवडून, द्रव नायट्रोजनच्या थंडीत त्याची भुकटी करतात. ईडीटीए या रसायनाने कॅल्शियम, प्रोटीनेज-के या विकराने प्रथिने विरघळवतात आणि सिलिकावर डीएनए पकडतात. डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे अनुक्रम मोजणाऱ्या नेहमीच्या एसटीआर चाचणीला सुमारे १०० ते ४५० बेस-जोड्यांचे (डीएनएच्या साखळीतील दुव्यांचे) तुकडे लागतात. त्यांतले लांब आधी हरवतात, म्हणून आखूड तुकड्यांवर चालणारी मिनी-एसटीआर वापरतात. तेही न जमल्यास पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतील, १६,५६९ जोड्यांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएकडे वळतात. पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. मात्र तो आईकडून येतो, सख्ख्या भावंडांत सारखाच असतो, त्यामुळे एकट्याने ओळख सिद्ध करत नाही.

दिल्लीतील १९९५च्या तंदूर हत्याकांडात जळालेल्या देहाची ओळख हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने डीएनएवरून पटवली, कारण आत न जळलेली ऊती शिल्लक होती. नाशिकच्या रामकुंडात विसर्जनासाठी येणाऱ्या, पूर्ण जळून पांढऱ्या झालेल्या अस्थींतून मात्र डीएनए जवळजवळ कधीच मिळत नाही. म्हणूनच अनोळखी मृतदेहाचा दात किंवा हाडाचा नमुना अंत्यविधीपूर्वी राखणे अत्यावश्यक ठरते. पुढे वर्षांनी नातेवाईक सापडले तरी तुलनेला तोच एक आधार असतो.

मुद्देमाल जमा करताना ओला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात सीलबंद करावा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी धरते. डीएनएसाठीचा नमुना फॉर्मलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रवात कधीही ठेवू नये, त्याने डीएनए प्रथिनांशी जखडतो आणि तुटतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. राज्यांनी ती टप्प्याने अंमलात आणायची आहे.