गेट-झिरो की गेट-वन: सी लायब्ररीतली नावं आणि पॉइंटरची मालकी

सीतल्या लायब्ररीने दिलेला पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) आपण फ्री करायचा (ती मेमरी परत सोडायची) की त्याला हातही लावायचा नाही, हे सीचा टाइप सांगत नाही ('यात बदल करू नका' सांगणारा कॉन्स्ट दिसला तर फार तर अंदाज येतो), म्हणून ते ओझं डॉक्युमेंटेशनवर आणि फंक्शनच्या नावावर येऊन पडलं. आणि नावात तेव्हा जागाच नव्हती. १९८९ च्या स्टँडर्डमध्येसुद्धा लिंकरला (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणाऱ्या टूलला) दिसणाऱ्या नावाची पहिली ६ अक्षरंच वेगळी ओळखली जातील एवढीच गॅरंटी, तीही कॅपिटल-स्मॉल न बघता. १९९९ मध्ये ती ३१ झाली.

जुन्या फंक्शनांनी मग प्रश्नच टाळला. वेळ देणारी सीटाइम, लोकलटाइम आतल्या स्टॅटिक बफरचा (एकाच ठरलेल्या जागेचा) पत्ता देतात, फ्री करायची भानगड नाही, पण पुढच्या कॉलला आधीचं उत्तर पुसलं जातं. थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) आले तसं हे चालेना, मग मागे _आर लावलेल्या जोड्या आल्या, त्यात बफर कॉलरनेच द्यायचा. स्ट्रिंगची कॉपी देणारं स्ट्रडप मात्र गुपचूप मॅलॉक करून (नवी मेमरी घेऊन) देतं, म्हणजे फ्री आपण करायचं, नाव स्ट्र कुळातलं असलं तरी. युनिक्सवर ते कधीपासूनचं आहे, सी स्टँडर्डमध्ये शिरायला सी२३ उजाडलं.

खरा गुंता झाला रेफरन्स काउंटमुळे (एक ऑब्जेक्ट किती जणांनी धरलाय त्याची मोजणी), कारण आता फ्री म्हणजे मेमरी सोडणंच असं नाही, काउंट एकने खाली आणणं. ओपनएसएसएलमध्ये (सुरक्षित कनेक्शनची लायब्ररी) समोरच्याचं सर्टिफिकेट मागायला एसएसएल_गेट_पीअर_सर्टिफिकेट होतं, ते काउंट वाढवून द्यायचं, म्हणजे काम झालं की एक्स५०९_फ्री आपणच करायचं. त्याच्या शेजारीच एसएसएल_गेट_पीअर_सर्ट_चेन, तिथे काउंट वाढत नाही, फ्री करायचं नाही. दोन्हीत नुसतं 'गेट'! पहिल्यात फ्री विसरलात तर प्रत्येक कनेक्शनमागे थोडी मेमरी अडकत जाते आणि सर्व्हर हळूहळू फुगतो, दुसऱ्यात चुकून केलंत तर क्रॅश होतो पण तिथे नाही, भलतीकडेच, नंतर कधीतरी, आणि डीबगर ज्या ओळीवर थांबतो तिचा काही दोष नसतो.

तोडगा म्हणून त्याच लायब्ररीत नावाला आकडे चिकटले: गेट०, गेट१, सेट०, सेट१. बरेच जण ० चा अर्थ 'मालकी हलत नाही' असा घेतात आणि सेट० ला फसतात, कारण तिथे मालकी हलतेच, तुमचा ऑब्जेक्ट लायब्ररी ठेवून घेते. आकडा मालकीचा नाहीच, काउंटचा आहे. ० म्हणजे काउंटला हात लावला नाही, १ म्हणजे वाढवला. कॉलरच्या बाजूने बघितलं तर दोन्हीकडे हिशोब एकच निघतो, ० दिसला की फ्री करायचं नाही, १ दिसला की आपला वाटा आपण सोडायचा. अर्थात सेट० फेल झालं तर ऑब्जेक्ट सहसा परत आपल्याच गळ्यात. दिसायला ओंगळ पद्धत आहे, पण ग्रेप (मजकूर शोधणारं टूल) मारला की सापडते, आणि रिव्ह्यूमध्ये हे फार कामाला येतं. ३.० व्हर्जनमध्ये (२०२१) सर्टिफिकेटवाल्या फंक्शनला एकदाचं गेट१ नाव मिळालं, जोडीला गेट० आलं, जुनं बिनआकड्याचं नाव मॅक्रो (गेट१ चं नुसतं टोपणनाव) होऊन उरलं.

अॅपलच्या कोअर फाउंडेशन लायब्ररीने आकड्यांऐवजी शब्द धरले: नावात क्रिएट किंवा कॉपी असेल तर रिलीज (सोडायचं काम) आपल्याकडे, गेट असेल तर नाही. वाचायला हेच बरं. जीलिब या सी लायब्ररीच्या दुनियेत मालकी कमेंटमधल्या ट्रान्सफर फुल, ट्रान्सफर नन अशा खुणांमध्ये गेली, कारण दुसऱ्या भाषांची बाइंडिंग्ज (त्या भाषांतून लायब्ररी वापरायचे दुवे) त्यावरूनच बनतात.

पायथनच्या सी एपीआयमध्ये पायलिस्ट_सेटआयटम रेफरन्स गिळतं (आपला वाटा स्वतःकडे घेतं), पायडिक्ट_सेटआयटम गिळत नाही, आणि पायमॉड्यूल_अॅडऑब्जेक्ट तर काम झालं तरच गिळतं, फेल झालं तर रेफरन्स आपल्याकडेच राहतो, आणि एरर पाथ कोण एवढा बारकाईने लिहितो. ३.१० मध्ये शेवटी रेफ लावलेलं अॅडऑब्जेक्टरेफ आलं, जे काहीच गिळत नाही. ३.१३ मध्ये लिस्टसाठी गेटआयटमरेफ आलं. रेफ न लावलेली जुनी दोन्ही, अॅडऑब्जेक्ट आणि लिस्टचं गेटआयटम, अजून तिथेच आहेत.